कुणाची गं तू?

गेल्या जुलैमध्ये एका दुपारी आमचा एक तास रिकामा मिळाला. सर आले नव्हते, बाहेर बेळगावचा पाऊस, म्हणजे कँटीनपर्यंत जायचीही सोय नाही. अशा वेळी वर्गात जे होते तेच झाले, वाद सुरू झाला. शेवटच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "बी. कॉम. झालं की मी पुण्याला जाणार. ह्या गावात काय आहे?" एवढे पुरले. अर्धा वर्ग बेळगावच्या बाजूने उभा राहिला, अर्धा विरुद्ध. वाद मराठीत सुरू झाला, मध्येच कन्नडमध्ये गेला, आणि आवाज चढल्यावर दोन्ही भाषांत एकदम चालला. आमच्या महाविद्यालयात हे नवे नाही.

बेळगावच्या बाजूने बोलणाऱ्यांनी पहिल्यांदा हवा सांगितली. अडीच हजार फूट उंची, उन्हाळ्यातही संध्याकाळी वारा, पंखा न लावता झोपावे. (हल्ली एप्रिलमध्ये पंख्याशिवाय कोणी झोपत नाही, पण म्हणायची पद्धत आहे.) कुंदा झाला, वैशाखातल्या शिवजयंतीची रात्रभर चालणारी चित्ररथांची मिरवणूक झाली, वडगावच्या मंगाईची जत्रा झाली. विरुद्ध बाजूने पाणी काढले. राकसकोपचा जलाशय काठोकाठ भरला तरी कित्येक गल्ल्यांत नळ रोज येत नाही. २००८ साली गावातल्या थोड्या भागात चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला, आणि पुढे कित्येक वर्षे बाकीच्यांनी ते सुख नातेवाइकांकडे जाऊनच पाहिले. मग रस्ते निघाले. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपले नाव आले तेव्हापासून खणणे आणि बुजवणे किती वेळा झाले याचा हिशेब आमच्यासारख्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही लागलेला नाही. सुवर्ण विधानसौध निघाली. ती २०१२ साली उभी राहिली, अधिवेशनापुरती गजबजते आणि मग पुन्हा हमरस्त्यावरून जाणाऱ्यांनी पाहायची वस्तू होते.

बेळगाववर बोलायचे म्हणजे पु. ल. देशपांड्यांचे नाव घ्यावेच लागते, तेही कोणीतरी घेतले. ते इथल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते आणि त्यांचे रावसाहेब बेळगावचे, हे आम्हां मराठी शाळेतून आलेल्यांना पाढ्यासारखे पाठ असते. घंटा झाली, वाद तिथेच संपला.

मी त्या वादात एक शब्दही बोलले नाही. वाचकहो, मी स्वभावाने मुखदुर्बळ आहे असे समजू नका. माझ्या घरचे उलटेच सांगतील. पण बोलण्यासारखे जे होते ते वर्गात बोलवले नाही, म्हणून इथे लिहिते. पाणी, रस्ते, हवा हे सगळे आहेच, पण पाच लाखांच्या शहरात राहायला का आवडते आणि का नकोसे होते, याचे खरे कारण मला त्यांत दिसत नाही. (२०११ च्या जनगणनेत आपली महापालिका पाच लाखांच्या जरा आतच होती. आता वाढली असेल, पण स्वभाव अजून तेवढ्याच गावाचा आहे.) माझ्या मते ते कारण एका प्रश्नात आहे. तो मला लहानपणापासून दोन भाषांत विचारला गेला आहे. बाबांकडचे विचारतात, "कुणाची गं तू?" आई गोकाकची, तिच्याकडचे विचारतात, "यार मगळव्वा नी?" अर्थ एकच. रेशनच्या रांगेत, डॉक्टरांकडे, बँकेत, लग्नाच्या पंगतीत, खडेबाजारात कापड फाडून घेताना. सीमाप्रश्नावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद आहे, २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयातही आहे, आणि त्यावर लिहिणारे माझ्याहून जाणते लोक पुष्कळ आहेत. मला एवढेच दिसते की ह्या एका प्रश्नाच्या बाबतीत दोन्ही भाषांची माणसे हुबेहूब सारखी आहेत.

आता ह्या प्रश्नाचे माझ्यावर उपकार किती आहेत ते आधी सांगते, नाहीतर पुढचे वाचून मी कृतघ्न वाटेन.

आम्ही वडगावचे, विणकर. घराच्या मागच्या खोलीत चार यंत्रमाग. सूत व्यापारी देतो, साड्या व्यापारी नेतो, आमची मजुरी. २०१९ च्या ऑगस्टमधल्या अतिवृष्टीत त्या खोलीत गुडघाभर पाणी शिरले. त्यातून सावरतो न सावरतो तोच २०२० चा मार्च आला आणि टाळेबंदीत माग थांबले. सूत येईना, विणलेला माल कोणी उचलेना. मी तेव्हा आठवीत होते. मागाचा आवाज मी जन्मल्यापासून ऐकत आले आहे. तो बंद पडल्यावर पहिले चार दिवस मला रात्री झोप लागली नाही, हे कोणाला सांगितले तर हसतील. त्या काळात आमचे घर कोणी चालवले? सरकारचा तांदूळ आला, तो नाकारत नाही. पण तेल, डाळ, साखर, चहाची पूड, साबण, आजीच्या गोळ्या हे सगळे कोपऱ्यावरच्या दुकानदारमामांच्या एका लाल पुठ्ठ्याच्या वहीवर चालले. गोळ्या त्यांच्या दुकानात मिळत नसत. ते औषधाच्या दुकानात स्वतःचे पैसे भरून आणून देत आणि वहीत लिहून ठेवत. पाच महिन्यांत २१,६०० रुपये झाले. व्याज नाही, सही नाही, तारण नाही. ते पुरते फिटायला २०२१ ची दिवाळी उजाडली. मधल्या काळात मामांनी एकदाही बाबांना दुकानात थांबवून विचारले नाही. रस्त्यात भेटले तर "माग सुरू झाले का?" एवढेच.

मी वाणिज्य शाखा घेतली त्याचे एक कारण ती वही आहे. पहिल्या वर्षाला आल्यावर सगळे इंग्रजीतून. माझ्यासारख्या मराठी माध्यमातल्या मुलीला 'लेजर' म्हणजे आपली खतावणी आणि 'जर्नल' म्हणजे रोजकीर्द हे जुळवण्यातच सहा महिने गेले. पण 'गुडविल'चे प्रकरण आले तेव्हा मला ते वर्गात सगळ्यांच्या आधी समजले. मराठी पुस्तकांत त्याला ख्याती म्हणतात. दुकानाच्या भिंती, फळ्या, माल यांच्या किमतीहून दुकानाची किंमत जास्त का, तर त्याच्या नावामुळे. सरासरी नफा काढायचा, त्याला ठरलेल्या वर्षांनी गुणायचे, आणि दिसत नाही अशी ती मालमत्ता ताळेबंदात आकड्याने लिहायची. मला वाटले, आमच्या घराच्या ताळेबंदात दुसरी मालमत्ताच नाही. चार जुने माग आणि ही ख्याती. "कुणाची तू?" ह्या प्रश्नाला माझ्या आजोबांनी, बाबांनी जे उत्तर देऊन ठेवले त्याच्यावर आम्हांला पाच महिने उधार मिळाले. पुण्यात किंवा बेंगळूरमध्ये कोणत्या दुकानात ही वही उघडली असती?

इथपर्यंत मी पक्की बेळगाववाली आहे.

ह्याच ओळखीचा दुसरा चेहरा सगळ्या मुलींना माहीत आहे, म्हणून तो थोडक्यात उरकते. पहिल्या वर्षाची परीक्षा संपली त्या दिवशी आम्ही चौघे, दोन मुली आणि दोन मुलगे, गोवावेसजवळ एका हॉटेलात चहा प्यायलो. अर्धा तास. तिथून मी सरळ घरी आले, वाटेत कुठेही थांबले नाही. दारात आईने विचारले, "चहाबरोबर भजी पण खाल्लीस का?" माझ्या आधी बातमी पोहोचली होती. आई हसत होती म्हणून निभावले. वर्गातल्या एका मुलीला अशाच एका चहापायी महिनाभर भावाबरोबर यावे-जावे लागले. मुलगे चहा पितात तेव्हा बातमी होत नाही, हे त्यांनी कधीतरी लक्षात घ्यावे. ह्या लेखाचे वाचक मुलगे असतील तर हे वाक्य त्यांच्यासाठी आहे.

पण चहाची गोष्ट सांगून लोक हसतात आणि विषय संपतो. मला जी गोष्ट खरी सांगायची आहे ती हसण्यासारखी नाही, आणि तिच्यात वाईट वागलेली मी आहे.

दुसऱ्या वर्षाला आल्यावर मी आणि माझी एक मैत्रीण अर्धवेळ काम शोधत होतो. ती सौंदत्तीकडची, शेतकऱ्याची मुलगी, कन्नड माध्यमातली. माझ्याइतकाच इंग्रजीशी झगडा करून आलेली, पण हिशेबात माझ्याहून कितीतरी पुढे. तिची तेरीज पहिल्या फटक्यात जुळते. माझी जुळत नाही तेव्हा चूक कुठे आहे हे तीच बोट ठेवून दाखवते. पहिल्या वर्षी तिला हिशेबात ९१ गुण होते, मला ६६. कर सल्ला देणाऱ्या एका कार्यालयात बिलांची नोंद करायला आणि जीएसटीची कागदपत्रे लावायला एक मुलगी हवी आहे असे कळले. आम्ही दोघी एकाच दिवशी, एकाच बसने गेलो.

ती आधी आत गेली. दार उघडेच होते, बाहेर सगळे ऐकू येत होते. साहेबांनी गुणपत्रिका पाहिली, "चांगले आहेत" म्हणाले. मग विचारले, "बेळगावात तुझं कोण आहे?" ती म्हणाली, "कोणी नाही सर, वसतिगृहात राहते." मग आडनाव विचारले. तिने सांगितले. साहेब थोडे थांबले. "बरं. कळवतो."

मग मी गेले. माझी गुणपत्रिका पाहायच्या आधीच प्रश्न आला, "वडगाव? कुठल्या गल्लीत?" मी सांगितले. "म्हणजे तू अमक्यांची नात! अगं, तुझ्या आजोबांच्या साड्या माझे वडील नेत होते." चहा आला. गुणपत्रिका टेबलावर तशीच राहिली. निघताना ते म्हणाले, "सोमवारपासून ये."

महिना ६,००० रुपये. त्यातून मी वर्षाची फी भरली, घरी थोडे दिले. मी ती नोकरी सोडली नाही. त्या दिवशी बसमध्ये मैत्रिणीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "नी बिडब्याड." सोडू नकोस. मला वाटले होते ती रागावेल, मग आपण भांडू, आणि भांडून मोकळे होऊ. ती रागावली नाही. खिडकीबाहेर पाहत एवढेच म्हणाली की आमच्या गावात तू आली असतीस तर तुलाही असेच झाले असते. हे खरे असेल. पण मी तिच्या गावात गेले नव्हते, ती माझ्या गावात आली होती.

नंतर वसतिगृह सुटल्यावर तिने खोली शोधली तेव्हा मी बरोबर हिंडले. तिथेही तेच. खोली आहे का विचारले की पहिल्यांदा "आहे". मग नाव, गाव, आडनाव. मग "अहो, परवाच कोणीतरी सांगून गेलंय". आडनावावरून माणसाची जात काढायला आपल्याला किती वेळ लागतो हे मी त्या आठ दिवसांत मोजले. घड्याळाची गरज लागत नाही. "आम्ही जातपात मानत नाही, पण ओळखीचं कुणी असलं तर बरं" असे एका घरी ऐकले. त्या घरातल्या बाईंनी आम्हांला पाणी दिले, पंखा लावला, अगदी प्रेमाने वागल्या. खोली दिली नाही. शेवटी तिला खोली कशी मिळाली? बाबांच्या ओळखीने. मी पुन्हा तेच नाणे वापरले आणि ती खोलीत गेली. उपकार केल्यासारखे वाटून मला दोन दिवस बरे वाटले, मग वाटेनासे झाले.

मामांच्या वहीने आमचे घर तारले आणि त्या कार्यालयातल्या टेबलाने माझ्या मैत्रिणीला परत पाठवले, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावत होते. आता तसे वाटत नाही. दोन्हीकडे विचारलेला प्रश्न एकच होता. मला त्याचे उत्तर देता आले, तिला देता आले नाही. ज्याच्याकडे ख्याती वडिलोपार्जित आहे त्याला बेळगाव माहेरासारखे वाटते, आणि तो वर्गात उठून हवा आणि कुंद्याची स्तुती करतो. त्या जुलैच्या वादात बेळगावच्या बाजूने उभे राहिलेले जवळजवळ सगळे इथल्या गल्ल्यांतले होते. विरुद्ध बाजूला खानापूर, बैलहोंगल, रामदुर्ग, सौंदत्ती अशा तालुक्यांतून आलेले पुष्कळ. मी त्या दिवशी गप्प बसले ते हे मोजत होते म्हणून.

कोणी म्हणेल, मग मोठे शहर बरे. माझा मामेभाऊ बेंगळूरला आहे. तो सांगतो, तिथे कोणी कोणाला विचारत नाही, कामापुरते काम. हे तो सुटल्यासारखे सांगतो. हाच भाऊ तिथे तीन दिवस तापाने खोलीत पडून होता आणि शेजारच्या दाराला पत्ता नव्हता. हेही तोच सांगतो, तेव्हा आवाज निराळा असतो. २०२५ च्या ऑगस्टपासून बेळगाव-बेंगळूर वंदे भारत सुरू झाली तेव्हा मामीला केवढा आनंद झाला. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून आपल्या गावात आहे, आणि इथे अभियंते झालेली मुले पुण्या-बेंगळूरच्या गाड्या पकडतात. टिळकवाडी, हिंदवाडीत संध्याकाळी फाटकाशी उभे असलेले आजी-आजोबा पाहा. त्यांना गावात सगळे ओळखतात, आणि घरात ओळखायला कोणी उरलेले नाही. तेव्हा मोठ्या शहराची भलामण करायला मी बसलेले नाही. मी बहुधा इथेच राहीन.

माझे म्हणणे एवढेच आहे की ओळख उधारी देताना कामाला यावी, नोकरी देताना येऊ नये. आणि हे अशक्य नाही. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला. कंडक्टर शून्य रुपयांचे तिकीट फाडतो. तो ओळखपत्र मागतो, ओळख मागत नाही. सौंदत्तीच्या माझ्या मैत्रिणीला आणि मला त्या बसमध्ये एकसारखे तिकीट मिळते. त्या दिवशी आम्ही दोघी त्या कार्यालयात गेलो तेव्हा बसमधून उतरेपर्यंत आम्ही सारख्याच होतो.

आणि मूळचे म्हणजे तरी कोण? शहापूर संस्थानी काळात सांगलीकरांकडे होते, छावणी इंग्रजांनी वसवली, मराठा लाइट इन्फंट्रीत कुठकुठली पोरे भरती होऊन इथे येतात. १९२४ साली टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा देशभरातून अनोळखी माणसे आली. त्यांच्या पाण्यासाठी ह्या गावाने विहीर खोदली, ती आजही आहे. पाणी पिणाऱ्याला तू कुणाचा असे कोणी विचारले नसेल असे मला वाटते. निदान वाटून घ्यावेसे वाटते. माझे स्वतःचे पणजोबा इचलकरंजीहून एक हातमाग घेऊन आले. त्यांना वडगावात पहिली खोली देणारा कोणीतरी होता, आणि त्याने पणजोबांच्या आजोबांचे नाव विचारले असते तर मी आज हा लेख तिसऱ्याच गावात लिहिला असता.

आपल्या महाविद्यालयात करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर फीच्या तारखा आणि हरवलेल्या छत्र्यांच्या सूचना असतात. त्याच फळ्यावर गावातल्या अर्धवेळ कामांच्या सूचना मराठी, कन्नड, इंग्रजीत लागाव्यात: काम काय, पगार किती, गुण किती हवेत, अर्ज कुठे. आजवर ही कामे कानाकानांतून कळतात, आणि ज्याचा कान गावात नाही त्याला कळतच नाहीत. हे मी आमच्या सरांना सांगितले, त्यांना पटले. कन्नड विभागाच्या संपादकांनी तर असा मजकूर आपल्या पानांतही छापायचे कबूल केले आहे.

पहिली सूचना माझ्याच जागेची लागावी असे ठरवले. तिसऱ्या वर्षाचा अभ्यास वाढतो म्हणून येत्या जूनमध्ये मी ते काम सोडणार आहे. परवा साहेबांना तसे सांगितले आणि भीतभीतच म्हटले, "सर, आमच्या कॉलेजच्या फळ्यावर सूचना लावू का? गुण बघून घेता येईल."

साहेब बिलावरून मान वर करून हसले. म्हणाले, "अगं, फळा कशाला? तुझ्या ओळखीची कुणी असेल तर सांग ना."

माझ्या ओळखीची एक आहे, हे त्यांनाही आठवत नसेल. तिचे नाव आधी सांगावे की आधी फळ्यावर सूचना लावावी, ते मी अजून ठरवलेले नाही.